पासवर्ड बरोबर आहे, तरी मेल उघडत का नाही?

साताऱ्याहून काकांचा फोन आला की पहिलं वाक्य पावसापाण्याचं असतं. त्या दिवशी नव्हतं. "अरे, पासवर्ड बरोबरच टाकतोय मी. तरी हा डबा चुकीचा म्हणतोय!"

डबा म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यावर मेल वाचायचा एक वेगळा प्रोग्राम लावून घेतला. ब्राउझरमधली अक्षरं त्यांना बारीक वाटतात, आणि पंधरा वर्षांचे मेल आपल्या घरात, आपल्या डिस्कवर असावेत असा त्यांचा हट्ट आहे. हट्ट रास्तच आहे. पण फोन आला तोवर त्यांनी पासवर्ड तीनदा बदलून पाहिला होता आणि आता मोबाइलवरही मेल येणं थांबलं होतं.

"काका, आता कशालाही हात लावू नका. दोन-चार दिवसांत कुणी काही सेटिंग बदललं का?"

"मी नाही बुवा. रविवारी प्राजक्ता आली होती. तिने ते ओटीपीचं करून दिलं. म्हणाली, हल्ली फार चोऱ्या होतात."

गोम तिथेच होती. आणि प्राजक्ताने केलं ते अगदी योग्य होतं. काकांचंही काही चुकलं नव्हतं. पासवर्डसुद्धा बरोबर होता. खोटं बोलत होता तो पडद्यावरचा संदेश. तो असं का बोलतो, हे एकदा नीट कळलं की या सगळ्या भानगडीतला निम्मा वैताग संपतो.

दुसरं कुलूप आपल्याला नवीन नाही. ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक पडताळणी लागते, त्यामुळे 'ओटीपी' हा शब्द भाजीबाजारापर्यंत पोचला आहे. मेलच्या खात्याला लावतात ते टू-स्टेप व्हेरिफिकेशन याच जातीचं. पासवर्ड ही तुम्हाला माहीत असलेली गोष्ट आणि फोन ही तुमच्या हातात असलेली गोष्ट. चोराला एक मिळाली तरी दुसरी मिळत नाही. गुगलने ही सोय सर्वसामान्य खात्यांना २०११ साली दिली. बाकीच्यांनीही यथावकाश दिली.

ब्राउझरमधून मेल उघडलात तर काही अडत नाही. पासवर्ड टाकला की पुढचं पान येतं, कोड विचारतं, तुम्ही देता, आत जाता. अडतं ते काकांच्या प्रोग्रामसारख्या ठिकाणी. त्याला ते 'पुढचं पान' दाखवताच येत नाही.

दोनच शब्द येणारा पहारेकरी

मेलचा प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरशी ज्या बोलीत बोलतो तिचं नाव आयमॅप. ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिची थोरली बहीण पॉप १९८४ची. पत्रं बाहेर पाठवणारी एसएमटीपी त्याहून जुनी, १९८२ची. तेव्हा मेल वापरणारे लोक मोजके, बरेचसे विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत. मोबाइल फोन खिशात असेल आणि त्यावर कुणी आकडे पाठवील ही कल्पनाही नव्हती. त्यामुळे दारावरचं संभाषण अगदी त्रोटक ठेवलं. प्रोग्राम म्हणतो, 'मी अमुक, हा माझा पासवर्ड.' सर्व्हर म्हणतो 'ठीक' किंवा म्हणतो 'नाही'. संपलं.

'पासवर्ड बरोबर आहे, आता फोनवर आलेला कोड सांगा' असं म्हणायची या साध्या संभाषणात जागाच नाही. दोनच शब्द येणाऱ्या पहारेकऱ्याने काय करावं? तो 'नाही' म्हणतो. त्या 'नाही'च्या मागे सर्व्हर कधी कधी कारणाची एक ओळ जोडतो. जीमेल तर चक्क लिहून पाठवतं, की ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड लागेल. पण कित्येक प्रोग्राम ती ओळ वाचून दाखवायची तसदी घेत नाहीत. ते आपल्या पदरची छापील पाटी लावतात: पासवर्ड चुकीचा. नवऱ्यामुलाकडच्यांनी 'पत्रिका जुळत नाही' म्हणावं, तसंच हे. खरं कारण वेगळंच असतं.

बरं, कोड विचारायची जागा कशीबशी केली असती तरी उपयोग नव्हता. मेलचा प्रोग्राम दिवसातून एकदा दार वाजवत नाही. तो दर काही मिनिटांनी येतो, एका वेळी तीन-चार जोडण्याही उघडतो. नेट गेलं-आलं की पुन्हा नव्याने ओळख द्यावी लागते. प्रत्येक वेळी कोड मागितला असता तर काकांना दिवसभर दुसरा उद्योगच उरला नसता.

सोळा अक्षरांची तडजोड

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ॲप पासवर्ड. मी याला सरकारमान्य जुगाड म्हणतो. तुम्ही ब्राउझरमधून, पासवर्ड आणि कोड दोन्ही देऊन, रीतसर खात्यात शिरता आणि तिथे सांगता, 'माझ्या एका बहिऱ्या प्रोग्रामसाठी वेगळी किल्ली बनवून द्या.' गुगल तुम्हाला सोळा इंग्रजी अक्षरं देतं, सगळी छोट्या लिपीतली, चार-चारच्या गटात. ती अक्षरं मेलच्या प्रोग्राममध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायची. त्या किल्लीला कोड विचारला जात नाही.

मधल्या मोकळ्या जागा फक्त वाचायला सोपं जावं म्हणून असतात, त्या टाकल्या नाहीत तरी चालतं. ती चौकट एकदा बंद केली की तो पासवर्ड पुन्हा कधीही दिसत नाही. लोक घाबरतात आणि त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवतात. कृपा करून हे करू नका. हरवला तर जुना रद्द करायचा, नवा काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता हे पान सापडतं कुठे? इथे माझीही चिडचिड होते. गुगलच्या सेटिंगमध्ये ते सहज दिसेल अशा जागी नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये वर शोधायची जी पट्टी असते, तिथे 'ॲप पासवर्ड' शोधणं सगळ्यात सोपं. तरी सापडलं नाही तर त्याची कारणं ठरलेली आहेत. टू-स्टेप सुरूच केलेलं नसेल तर हा पर्याय मिळत नाही. (दुसरं कुलूप नसताना वेगळी किल्ली कशाला, असा तो हिशेब.) खातं ऑफिसचं किंवा कॉलेजचं असेल तर तिथल्या ॲडमिनने तो बंद केलेला असू शकतो. दुसरी पायरी म्हणून फक्त सिक्युरिटी की (कोडऐवजी वापरायची छोटी खरीखुरी किल्ली) लावली असेल किंवा ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन हे गुगलचं जादा कडक संरक्षण घेतलं असेल, तरीही तो मिळत नाही. अशा वेळी पान शोधत बसण्यात अर्थ नसतो.

ॲपलच्या आयक्लाउड मेललाही २०१७च्या जूनपासून बाहेरच्या ॲपमध्ये असाच वेगळा पासवर्ड लागतो. एका खात्यावर एका वेळी जास्तीत जास्त पंचवीस चालू ठेवता येतात. याहूची तऱ्हाही तीच. झोहो मेलवालेही असेच पासवर्ड देतात, पण तिथे आणखी एक खाचखळगा आहे. भारतात नोंदलेल्या खात्याला सर्व्हरचं नाव शेवटी 'डॉट इन'चं लागतं. नेटवर सापडलेल्या सूचनांमधून 'डॉट कॉम'चं नाव उतरवलं तर सगळं बरोबर असूनही तोच नकार मिळतो.

काकांना मी फोनवरूनच हे करून दिलं. मेल सुरू झाले. दोन महिन्यांनी पुन्हा फोन. पुन्हा सगळं बंद, पुन्हा 'पासवर्ड चुकीचा'. या वेळी प्राजक्ता आलेली नव्हती.

"तुम्ही काही बदललंत का?"

"खात्याचा पासवर्ड बदलला. बँकवाले सांगतात ना, दर तीन महिन्यांनी बदला म्हणून."

हा या प्रकरणातला सगळ्यात कमी माहीत असलेला आणि सगळ्यात जास्त लोकांना फसवणारा भाग आहे. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गुगल आणि ॲपल, दोघंही आधी दिलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द करतात. त्यामागचा विचार योग्य आहे. माणूस पासवर्ड बदलतो तो बहुधा काहीतरी संशय आल्यामुळे. मग चोराने गुपचूप बनवून ठेवलेली एखादी किल्लीही त्यासोबत निकामी व्हायला हवी. पण ज्याला हे ठाऊक नाही तो चक्रात सापडतो. प्रोग्राम म्हणतो पासवर्ड चुकीचा, म्हणून तो पासवर्ड बदलतो. बदलला म्हणून उरलेली उपकरणंही बंद पडतात. ती बंद पडली म्हणून तो आणखी एकदा बदलतो. मोबाइल, टॅबलेट, ऑफिसचा कॉम्प्युटर आपापल्याकडे साठवलेला जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतात, आणि सर्व्हरला वाटतं कुणीतरी घुसू पाहतंय.

म्हणून 'पासवर्ड चुकीचा' दिसला की आधी ब्राउझरमध्ये जाऊन त्याच पासवर्डने मेल उघडून बघा. उघडला तर पासवर्ड बरोबर आहे, त्याला अजिबात हात लावू नका. दोष प्रोग्रामच्या ओळख देण्याच्या पद्धतीत आहे.

मुखत्यारपत्राची रीत

ॲप पासवर्ड चालतो, पण मला तो फारसा आवडत नाही. ती किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचे मेल वाचता येतात, तुमच्या नावाने पाठवता येतात, आणि कोड कुणी विचारत नाही. पुढच्या दाराला दोन कुलपं लावून मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली ठेवण्यासारखं आहे हे. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ॲप पासवर्ड बनवताना त्याला नाव द्यायला सांगतात, 'घरचा कॉम्प्युटर' वगैरे. ते नाव निव्वळ तुमच्या आठवणीसाठी असतं. ती किल्ली त्याच कॉम्प्युटरला बांधलेली नसते. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये टाकली तरी ती चालते.

हा काल्पनिक धोका नाही. जून २०२५मध्ये गुगल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने एक प्रकरण उघड केलं. रशियाविषयी लिहिणाऱ्या एका ब्रिटिश अभ्यासकाला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातून आल्यासारखे मेल आले. भाषा सभ्य, घाई अजिबात नाही. एका सरकारी व्यासपीठावर यायचं आमंत्रण, आणि त्यासाठी काय करायचं याची व्यवस्थित पीडीएफ. त्या पीडीएफमध्ये सांगितलं होतं ते इतकंच, की तुमच्या खात्यात एक ॲप पासवर्ड बनवा आणि आम्हाला कळवा. पासवर्ड चोरावा लागला नाही, कोड पळवावा लागला नाही. मालकाने स्वतःच किल्ली घडवून दिली. तेव्हा ॲप पासवर्ड कुणी मागितला, मग तो बँकेचा माणूस असो, सपोर्टवाला असो की जावयाचा मित्र, तर देऊ नये. तो फक्त तुमच्या स्वतःच्या उपकरणात टाकायचा असतो.

मग चांगली रीत कोणती? तिचं नाव ओऑथ. समजायला आपल्याकडचं मुखत्यारपत्र आठवा. पुण्यात राहणारा माणूस गावच्या जमिनीच्या कामासाठी भावाला मुखत्यारपत्र करून देतो. कुलमुखत्यारपत्र दिलं तर भाऊ सगळंच करू शकतो. विशेष मुखत्यारपत्र दिलं तर त्यात लिहिलेलं तेवढंच काम. शिवाय मन बदललं तर ते रद्द करता येतं, त्यासाठी घराची कुलपं बदलावी लागत नाहीत.

ओऑथमध्ये मेलचा प्रोग्राम तुमचा पासवर्ड मागतच नाही. तो मेल कंपनीचीच एक खिडकी उघडतो. तिथे तुम्ही पासवर्ड टाकता, कोड टाकता, अगदी ब्राउझरमध्ये टाकता तसं. मग कंपनी विचारते, 'या प्रोग्रामला तुमचे मेल वाचायची आणि पाठवायची परवानगी द्यायची का?' हो म्हटलं की ती प्रोग्रामच्या हाती एक परवाना देते. गुगलचा परवाना साधारण तासाभरात शिळा होतो. प्रोग्रामजवळ दुसरा एक टिकाऊ परवाना असतो, तो दाखवून तो परस्पर ताजा परवाना घेतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. तो परवाना मेलपुरता असतो, त्यावर तुमचे ड्राइव्हमधले कागद किंवा फोटो उघडत नाहीत. मुख्य पासवर्ड बदलला तर इथेही पुन्हा ओळख द्यावी लागते, पण तेव्हा प्रोग्राम आपणहून ती खिडकी समोर आणतो. 'चुकीचा' म्हणून तोंड फिरवत नाही.

दिवसेंदिवस हीच वाट उरत चालली आहे. गुगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांना फक्त नाव आणि मुख्य पासवर्ड देऊन बाहेरच्या ॲपमधून शिरणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसाठी ऑक्टोबर २०२२मध्ये ही सफाई सुरू केली, आणि घरगुती आउटलुक-हॉटमेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४पासून जुनी पद्धत थांबवली. तिथे ओऑथ न कळणाऱ्या प्रोग्रामला आता दार नाही.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर त्यात ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. नवीन खातं जोडताना तो आपोआप ओऑथ निवडतो. घोळ होतो तो जुन्या खात्यांत. दहा वर्षांपूर्वी जोडलेलं खातं 'नॉर्मल पासवर्ड'वरच अडकून राहतं आणि माणूस प्रोग्रामला दोष देतो. खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पानावर 'ऑथेंटिकेशन मेथड' असतं, तिथे 'ओऑथ२' निवडायचं. मग खाली, वेगळ्या जागी, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं सेटिंग असतं. तिथेही तेच करायचं. हा दुसरा भाग दहातले आठ जण विसरतात. माझ्या ओळखीतल्या दहातले, म्हणजे. मग मेल येतात, पण जात नाहीत. आणि ओऑथची खिडकी पांढरीफटक दिसली किंवा गोल फिरत राहिली तर त्याच प्रोग्राममध्ये कुकीज (संकेतस्थळं आपल्याकडे ठेवतात त्या छोट्या नोंदी) बंद केलेल्या आहेत का ते पाहा.

कॉम्प्युटरवरचा आउटलुक प्रोग्राम जुना असेल, २०१६चा किंवा त्याआधीचा, तर त्यावर फार जीव जाळू नका. गुगल स्वतःच सांगतं, की नव्या आवृत्तीवर जा. तोवर ॲप पासवर्ड.

काही यंत्रांना मात्र ओऑथ कधीच शिकवता येणार नाही. ओळखीच्या एका सीए ऑफिसात भलं मोठं झेरॉक्स-स्कॅनर यंत्र आहे. कागद ठेवला, बटण दाबलं की स्कॅन थेट पक्षकाराच्या मेलवर जातं. टू-स्टेप लावल्यावर ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत ते बंद पडलं. त्याच्या चार इंची पडद्यावर लॉगिनची खिडकी कुठून उघडणार? सीसीटीव्हीचा डबा, बिलं मेल करणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांची हीच कथा. तिथे ॲप पासवर्डला पर्याय नाही. पण साहेबांच्या मुख्य खात्याचा ॲप पासवर्ड स्कॅनरमध्ये टाकणं मला पटेना. यंत्राच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, आणि ऑफिसातला कुणीही ते पान उघडू शकत होता. मी फक्त स्कॅनरसाठी एक नवं मेल खातं काढायला लावलं. त्यात काही नाहीच, तर चोरणार काय?

राहिला कोडचा प्रश्न. एसएमएसचा कोड सोयीचा, पण कच्चा. सिमकार्डची नक्कल काढून फसवणारे आहेत, आणि परदेशात गेलेल्या मुलांचं भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. माझ्या मते ऑथेंटिकेटर ॲप बरं. त्यात क्यूआर कोडमधून एक गुप्त आकडा एकदाच फोनमध्ये येतो. मग फोन आणि सर्व्हर दोघंही तो आकडा आणि घड्याळातली वेळ यांचं एकच गणित आपापल्या जागी करतात आणि दर तीस सेकंदांनी तोच सहा आकडी कोड काढतात. नेट लागत नाही, रेंज लागत नाही. घड्याळ मात्र बरोबर लागतं. फोनची वेळ हाताने लावलेली असेल आणि दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असेल, तर कोड चुकतच राहतो. वेळ 'ऑटोमॅटिक' करा.

आणि फोनच हरवला तर? त्यासाठी गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून किंवा हाताने उतरवून कागदावर ठेवावेत, फोनमध्ये नाही.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा काकांच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढवून दोन्ही सर्व्हर ओऑथवर नेले आणि जुने ॲप पासवर्ड यादीतून काढून टाकले. पाच होते, त्यातले दोन कशासाठी बनवले ते आम्हा दोघांनाही आठवेना.

"मग ते सोळा अक्षरी डायरीत उतरवलेत, त्यांचं काय?"

"काट मारा त्यांच्यावर."

त्यांनी पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. बाजूच्या पानावर, एलआयसीच्या हप्त्यांच्या तारखांखाली, दहा बॅकअप कोड लिहिलेले होते. त्यातल्या पहिल्यावर आधीच रेघ होती.

"हा कधी वापरलात?"

"वापरला नाही. चालतो का ते बघितलं."